पांदडां वाळजे

आमच्या गल्लीतल्या घरांचे नंबर उन्हापावसाने पुसून गेलेत. नवीन कुरियरवाला आला की फाटकाशी उभा राहून मलाच विचारतो, आणि मी त्याला झाडं सांगते. दोन आसोपालव, म्हणजे अशोक, पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत ते डॉक्टरीणबाईंचं. चिकू भिंतीवरून रस्त्यात वाकलाय ते शेजारच्या मासींचं. शेवगा दिसतो, ज्याच्या शेंगा सगळी गल्ली खाते आणि लावणारं कोणी उरलं नाही, ते कुलूपवालं. देशी बदाम दिसला की थांबायचं, ते आमचं. 'आमचं' म्हणते खरी, पण घर मालकीणबाईंचं, बांचं आहे. आमची मागची खोली फक्त.

पानं गळायला लागली की मला खोलीत बसूनही कळतं कोणतं झाड काय करतंय. कडुलिंबाचा आवाज नाही. सकाळी दार उघडावं तर अंगण पिवळं झालेलं असतं, जणू कोणी येऊन हळद टाकून गेलं. बदामाचं पान मात्र टप्प करून पडतं, हातातली वस्तू सुटल्यासारखं. सीताफळाची पानं झाडावरच वाळतात आणि वारा नसला तरी एकमेकांत बोलतात. पांढरा चाफा सगळं टाकून देतो आणि नुसती बोटं वर करून उभा राहतो. त्याच्याकडे मी अजूनही संध्याकाळी बघत नाही.

पानगळ इथे दिवाळीच्या पाठोपाठ येत नाही. संक्रांत झाली, म्हणजे इथली उत्तरायण झाली, की मग. तोवर झाडांनी पोटात किती पतंग लपवलेत ते कळत नाही. पानं उतरायला लागली की एकेक दिसू लागतो. फाटलेला, उलटा लटकलेला, मांज्याला फास लागल्यासारखा. पहिल्या वर्षी बदामात सात-आठ होते. मला ते माणसांचे चेहरे वाटायचे.

त्या पहिल्या वर्षाचंच सांगायचं आहे.

आम्ही खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा नवागामला एका चाळीत राहायचो. नवरा पांडेसऱ्याला रंगाईच्या मिलमध्ये, बारा तासांची पाळी. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. चार महिने होत नाहीत तोच चाळीच्या मालकाने वर मजले चढवायचे म्हणून सगळ्यांना निघायला सांगितलं. मी बांकडे धुण्याभांड्याला जात होते. एक दिवस भांडी घासता घासता रडू आलं आणि नळाच्या आवाजात ते लपेल असं वाटलं. लपलं नाही.

बा म्हणजे सत्तरीच्या पुढच्या, ताठ, पांढऱ्या साडीतल्या, एकट्या. आमच्याकडे बा म्हणजे बाप. इथे बा म्हणजे आई. पहिल्या दिवशी त्यांनी "मने बा कहेजे" म्हटलं तेव्हा मी मनातल्या मनात अडखळले होते. एका बाईला बाप कसं म्हणायचं? मग सवय झाली. तसे किती शब्द इथे असे आहेत, चेहरा ओळखीचा आणि घर परकं. तेव्हा मला वाटायचं, शब्द ओळखीचा दिसला की झालं, अर्थ आपला आपण येतो.

बांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. आत जुन्या जरीच्या फिरक्या, एक मोडकं कपाट, कोळीष्टकं. म्हणाल्या, साफ करून घे आणि राहायला या. भाडं नको. त्या लेकीकडे बडोद्याला जाणार होत्या, डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, होळीपर्यंत यायच्या नव्हत्या. घर बंद राहणार. झाडांना पाणी, तुळशीला दिवा, ओटा पुसायचा, एवढंच.

मला पाया पडायचं होतं. पण त्यांनी पाय मागे घेतले आणि बोट वर केलं.

"एक वात सांभळ. रोज पांदडां वाळजे. बीजुं भूले तो चाले, आ नहीं भूलती."

बाकी विसरलं तर चालेल, हे विसरू नको. एवढं मला समजलं. पांदडां म्हणजे पानं, तेही कळत होतं. आणि वाळजे, ते तर आपलंच. वाळव.

"हा बा," मी म्हणाले.

ही माझी शाळेपासूनची खोड. गुरुजी विचारायचे, समजलं का? सगळा वर्ग म्हणायचा, हो. सहावीत आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली, पण तो 'हो' काही सुटला नाही. विचारलं तर समोरच्याला कळतं की हिला येत नाही, आणि जिला येत नाही तिला कोण ठेवून घेईल? म्हणून मी आधी मान हलवते, नंतर घरी जाऊन काळजी करते.

काळजी केलीसुद्धा. पानं कशाला वाळवायची? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "या लोकेसनं काही सांगता येस नही. दवाईले लागत व्हतीन."

मलाही तसंच वाटलं. आमच्याकडे कडुलिंबाचा वाळला पाला धान्यात घालतात. पळसाची पानं तर माझी आई दरवर्षी वाळवायची. दगडाखाली दाबून, उलटून पालटून, मग चोयांनी टाचून पत्रावळी करायची. तिच्या हाताखाली बसून मला ते काम येत होतं. मला बरंच वाटलं. या शहरात येऊन मला येतं असं पहिल्यांदाच कोणीतरी काम सांगितलं होतं.

मग मी ते मन लावून केलं.

बा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून अंगणातली पानं वेचायची. झाडूने ओढली तर फाटतात. वेचून झाडाप्रमाणे वेगळी करायची. बदामाची ओट्यापासून फाटकापर्यंतच्या फरशीवर, कारण ती मोठी, त्यांना जागा लागते. सीताफळाची तुळशीमागे, चाफ्याची टाकीवर, कडुलिंबाची जुन्या चादरीवर. दहा वाजता एकदा उलटायची. संध्याकाळी दव पडण्याआधी चांगली वाळलेली पोत्यात भरायची. पोती नवऱ्याने आणलेल्या ग्रे कापडाच्या तुकड्यांची, म्हणजे रंग लागायच्या आधीचं मळकट पांढरं कापड असतं त्याची, मीच शिवलेली.

बदामाचा रंग बघून नवरा थक्क व्हायचा. त्याच्या नखांत कायमचा राणी नाहीतर मेहंदी रंग बसलेला असे. एक पान उचलून उन्हात धरून तो म्हणाला, "हाई शेड आमना मास्तरना बापले जमाव नही."

हसलो होतो आम्ही. तो शेवटचा हसण्याचा दिवस, त्या महिन्यातला.

कारण त्यानंतर दुपारी कोणीतरी यायला लागलं.

ज्यांना सुरत ठाऊक नाही त्यांना सांगते, इथली दुपार फार गाढ असते. जेवण झालं की गल्लीतली सगळी घरं पडदे ओढून झोपतात. भाजीवाल्याची हातगाडी नाही, रिक्षा नाही. लांबून यंत्रमाग चालतात त्यांची घरघर तेवढी येत राहते, आणि ती इतकी सतत असते की काही वेळाने तीच शांतता वाटते. मुलगी बालवाडीतून एक वाजता यायची. त्याआधी मी खोलीत डाळ निवडत बसलेले असायचे. ऊन इतकं सरळ की झाडांना सावली नसायची.

अशात पहिल्यांदा ऐकलं. फाटकाकडून. चर्र. मग थोडं थांबून, खस्स्. पुन्हा चर्र. खस्स्.

वाळलेल्या पानावर पाय पडला की कसा आवाज येतो ते मला सांगायला नको. मला वाटलं कोणी आलं. हात पुसत पुढे गेले. फाटकाला आतून कडी तशीच. अंगणात कोणी नाही. बदामातले पतंग फडफडत होते, तर वाटलं, हां, कागदाचा आवाज. पण फरशीवर पानं चेपलेली होती. फाटकापासून ओट्याच्या पायरीपर्यंत, एका सरळ ओळीत. एक पान पूर्ण चुरा. पुढचं पान जागेवरून घासत नेलेलं. पुन्हा एक चुरा.

आणि ओसरीवरचा झोपाळा, बा त्याला हिंचको म्हणतात, तो हलत होता. जोरात नाही. कोणी नुकतं टेकल्यावर कडी कुरकुरते, तेवढाच.

मी मुंगूस म्हटलं. खार म्हटलं. मांजर म्हटलं. त्या दिवशी बांबूला विळा बांधून बदामातले सगळे पतंग काढून टाकले. दुसऱ्या दिवशी पतंग नव्हते तरी चर्र, खस्स् आलं. तिसऱ्या दिवशीही. बाराच्या ठोक्याला नाही, पण त्याच सुमाराला, भूक लागायच्या वेळेला.

रात्री नवऱ्याने विचारलं, "तुले भ्याव वाटस का वं?"

"वाटस."

"मंग दुसरी रूम देखूत?"

मी मुलीकडे पाहिलं. ती बदामाच्या पानांच्या पोत्यावर डोकं ठेवून झोपली होती. ते पोतं तिने उशी करून टाकलं होतं, कुरकुर वाजतं म्हणून तिला आवडायचं. नवागाम सोडताना आम्ही रस्त्यावर यायचेच राहिलो होतो, एवढंच. बांनी दार उघडलं नसतं तर?

"नही," मी म्हणाले. "आठे बरं शे."

मी मनाशी ठरवलं. येणारा येतो, झोपाळ्यावर बसतो, माझ्या खोलीकडे येत नाही. मला त्याचं काही करायचं नाही. मला पानं सांगितली आहेत, ती मी वाळवणार. खोली टिकली पाहिजे.

पण दुपारच्या झोपेतसुद्धा काहींचे कान जागे असतात. शेजारच्या मासी, चिकूवाल्या, भिंतीपलीकडून एक दिवस म्हणाल्या, "केम, दुपारी कोण येतं तुझ्याकडे?"

माझ्या हातातली बादली कलंडली.

"कोणी नाही, मासी."

"मने संभळाय छे, हं. माणसाची पावलं आहेत. बाईमाणूस असं चालत नाही. आणि हिंचका पण हलतो. तुझा वर तर नोकरीला असतो ना त्या वेळी?"

वर म्हणजे नवरा, तेवढं मला कळत होतं. त्यांना काय म्हणायचं आहे तेही कळलं. मी कलंडलेली बादली सरळ करायला वाकले. काय सांगायचं होतं? कोणीच येत नाही? की येतो खरं कोणी, पण तो दिसत नाही? एक खोटं वाटलं असतं आणि दुसरं वेडेपणाचं. कोणतंही सांगितलं तरी खोली जाणार होती.

"मी मुलगी आली की दार लावून घेते," एवढंच बोलले.

"छोकरी एक वाजता येते," मासी म्हणाल्या, "हे बारा वाजता येतं."

त्या रात्री मासींनी बडोद्याला फोन केला. मला नंतर कळलं. पण त्या दिवसापासून दुपारचं मी झोपाळ्याकडे तोंड करून उंबऱ्यात बसायला लागले, विळी शेजारी ठेवून. येणाऱ्याची भीती वाटायची आणि त्याच्यामुळे लोक काय म्हणतील त्याची त्याहून जास्त. एकदा तर मी हात जोडून हळूच म्हटलं, "बाबा, जो कोणी असशील तो, थोडा आवाज कमी कर रे. माझी खोली जाईल."

पाऊल थांबलं. अंगणात मधोमध थांबलं. मी जोडलेले हात तसेच धरले. मग पुन्हा चर्र, पण हळू, पुढचं पाऊल ओढताना जणू उचलून घ्यायचा प्रयत्न केला असावा. मला तसं वाटलं. मी शपथ घेऊन सांगणार नाही.

मासींच्या फोननंतर चौथ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली. बा उतरल्या. डोळ्याला हिरवी पट्टी, हातात एकच पिशवी. होळीला अजून तीन आठवडे होते.

फाटक उघडून त्या आत एक पाऊल टाकतात तोच पायाखाली चर्र झालं. त्या जागीच थिजल्या. एका डोळ्याने त्यांनी सगळीकडे पाहिलं. फरशीभर बदामाची लाल-तांबडी पानं पसरलेली. टाकीवर चाफा. चादरीवर कडुलिंब. ओसरीवर चार पोती तोंड बांधून ओळीत.

"आ शुं कर्युं तें?"

"वाळवली बा!" मी धावत गेले. "रोज वाळवली. एक दिवस चुकवला नाही. बघा, झाडाप्रमाणे वेगळी ठेवलीत."

"में वाळवानुं कीधुं तुं!"

"हो ना बा. वाळवलीच की! पार कडक वाळलीत!"

भिंतीवरून मासींचं डोकं वर आलं होतं. त्या आधी खो खो हसल्या. "अरे गांडी, वेडी कुठली! वाळवुं एटले झाडू मारवो! बा तुला झाडायला सांगून गेली आणि तू उन्हात घातली?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. बांनी झाडायला सांगितलं होतं. झाडून टाक, एक पान राहू देऊ नको, असं. आणि मी महिनाभर त्यांच्या दारात पानांचं वाळवण घालून बसले होते, पापडांसारखं. मी 'हा बा' म्हणाले होते. न कळता.

बा हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"अने कोण आवे छे?"

मासींचं हसू थांबलं. आता खरं विचारणं आलं. मी आमच्या खोलीकडे पाहिलं, दारात मुलीचे छोटे बूट होते.

"कोणी नाही बा."

"हुं रोज सांभळुं छुं," मासी म्हणाल्या. "आदमी छे."

"मीपण ऐकते," माझ्या तोंडून गेलं. पुढे थांबवता आलं नाही. "मीपण रोज ऐकते, बा. पण दिसत नाही कोणी. देवाशपथ. फाटकाला कडी असते. पानं चेपलेली असतात. एक पाय नीट पडतो आणि एक पाय ओढत येतो. चर्र, मग खस्स्. असा. हिंचक्यावर बसतो, मग काही नाही. मी बोलवलं नाही, बा. मला काढू नका."

बांचा पट्टी नसलेला डोळा माझ्यावर होता. तो हळूहळू ओला झाला की काय ते मला कळलं नाही, कारण त्या वळल्या आणि मासींना म्हणाल्या, "तुं अंदर जा."

इतक्या हळू म्हणाल्या की मासी खरंच गेल्या.

मग मला म्हणाल्या, "वाळी नाख. बधुं. बार वाग्या पहेलां."

आता मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. झाडून टाक, सगळं, बारा वाजायच्या आत. मी झाडू घेतला. कचऱ्याची गाडी अकराला यायची. चादरीवरची, टाकीवरची, फरशीवरची पानं आणि ओसरीवरची चारही पोती मी गाडीत टाकली. गाडीवाला म्हणाला, काय वजनच नाही यात. बाराच्या आत अंगण इतकं स्वच्छ झालं की ते दुसऱ्याच कोणाचं वाटलं.

बारा वाजले. बा हिंचक्यावर बसल्या होत्या, एका कडेला, शेजारी जागा सोडून. मी माझ्या दारात. बदामाचं एक पान पडलं, टप्प. मी उठले तर बांनी हाताने थांबवलं.

काही आलं नाही. यंत्रमागांची घरघर तेवढी. एक वाजता मुलगी आली, तिला मी तोंडावर बोट ठेवून आत घेतलं. दोन वाजले. बांनी जेवण घेतलं नाही. तीन वाजता त्या अजून तशाच बसल्या होत्या, फाटकाकडे तोंड करून. कडी कुरकुरत नव्हती, कारण त्यांनी पाय जमिनीला घट्ट लावून ठेवले होते.

चार वाजता मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप घेतला आणि फाटकाकडे बघतच बोलल्या. गुजरातीत, पण सावकाश, मला समजावं म्हणून. त्यांचे यजमान जरीच्या कारखान्यात असताना पायावर यंत्र पडलं होतं. तेव्हापासून पाय ओढत चालायचे. दुपारी बाराला जेवायला घरी यायचे, आधी हिंचक्यावर टेकायचे, पाणी मागायचे. ते वारल्यावर पहिल्याच पानगळीत बांनी तीच पावलं ऐकली. घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून पानं झाडायला लागल्या. पान नाही तर आवाज नाही. त्यानंतर कधी ऐकलं नाही. बारा वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही, लेकीलाही नाही.

"म्हणून तुला म्हटलं," त्या म्हणाल्या. "तू ऐकू नयेस म्हणून."

पण मी ऐकलं होतं. महिनाभर.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. मी चटकन उठले. त्या कधी मागे येत नसत. मी सामान बांधायच्या तयारीत होते, म्हणजे मनात बांधलंच होतं. पातेली कोणत्या गोणीत, मुलीचं दप्तर कोणत्या पिशवीत.

"बधां गयां?" त्यांनी विचारलं. सगळी गेली का पानं?

मुलगी मागे झोपली होती. तिच्या डोक्याखाली पाचवं पोतं होतं, बदामाचं. सकाळी ते टाकायचं मला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण तिची उशी म्हणून मी ते दाराआड सरकवलं होतं. बांनी बधुं म्हटलं होतं, आणि मी बधुं केलं नव्हतं. आता 'हा बा' म्हणायचं होतं. मान हलवायची सवय होतीच. खोलीपण राहिली असती कदाचित.

"नाही बा," मी म्हणाले. "एक राहिलंय. मुलीची उशी आहे. मी मुद्दाम ठेवलं. चुकलं माझं."

आयुष्यात पहिल्यांदा मी विचारणाऱ्याला तोंडावर 'नाही' म्हटलं असेल. मी उशीकडे बोट दाखवलं.

बा आत आल्या. वाकून त्यांनी पोत्यावर हात ठेवला. आतून कुरकुर झाली. मुलगी झोपेत हलली. बांनी तसाच हात ठेवून काही वेळ ऐकलं, दाबून, सोडून, पुन्हा दाबून.

उठताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"काले वाळजे," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. मला कळलं नाही ते त्यांनी माझ्या तोंडावर पाहिलं असेल. पट्टीच्या बाजूचा ओठ जरा हलला. "तारावाळुं. मारावाळुं नहीं."

उद्या तुझ्यासारखं वाळव. माझ्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीला दुसरी उशी करून दिली आणि ते पोतं फाटकापासून पायरीपर्यंत रिकामं केलं. एकेक पान बाजूबाजूला, आईने शिकवलं तसं. बाराच्या सुमाराला बा हिंचक्यावर बसल्या, कडेला. मी उंबऱ्यात बसले, पण आज विळी घेतली नव्हती.

चर्र.

बांनी डोळे मिटले. खस्स्. चर्र. खस्स्. ऊन इतकं लख्ख की प्रत्येक पान दिसत होतं, आणि मी बघत होते, आणि एकेक पान खाली बसत होतं. त्यावर काही नव्हतं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आजही लिहिताना राहतात. पायरीशी आवाज थांबला. हिंचक्याची दुसरी बाजू जरा खाली गेली.

"मोडुं थयुं," बा म्हणाल्या. उशीर झाला. रागावून नाही, कोणी रोजच्या माणसाला म्हणतं तसं.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात केला. मला कळलं काय हवं ते. मी आत गेले आणि पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला, आणि मागे सरताना तोंडाला पदर लावला, कारण माझ्या अगदी समोर कोणीतरी बसलेलं होतं आणि मला त्याला पाठ दाखवायची नव्हती.

त्याला बरीच वर्षं झाली. खोली अजून आमची आहे. मासी आता दुपारी भिंतीपाशी येत नाहीत, आणि मीही त्यांना काही सांगत नाही. मुलगी गुजराती शाळेत शिकली, आता मला हसते. "मम्मी, वाळवुं म्हणजे झाडणं गं. अजून तुला येत नाही?"

"येतं," मी म्हणते.

पण संक्रांत झाली, बदामात अडकलेले पतंग दिसायला लागले, की मी ग्रे कापडाची पोती काढते आणि पहाटे पानं वेचायला बसते. फरशीवर घालते, दहा वाजता उलटते. बाराच्या आत तांब्या भरून पायरीवर ठेवते. भीती गेली नाही, ती दर वर्षी पहिल्या चर्रला नव्याने येते. तरी मी दार लावत नाही. ज्याच्या पावलांमुळे माझी खोली जायची होती, त्याच्याच पावलांनी ती राहिली, म्हणून त्याच्या वाटेवरची पानं कडक वाळलेली आहेत की नाही ते मी रोज हाताने चेपून बघते.